गॅरेजात भरलेलं तोफेचं काडतूस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळचा खडकीचा. वडिलांची नोकरी तिथल्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत, तपासणी विभागात. मी नोकरीनिमित्त अ‍ॅरिझोनात आलो आणि नशिबाने शेजार मिळाला तो एका निवृत्त डायमेकरचा, म्हणजे कारखान्यातले धातूचे साचे बनवणाऱ्याचा. त्याच्या गॅरेजात गाडी नाही. लेथ आहे, मिलिंग मशीन आहे आणि ताडपत्रीखाली २० मिलिमीटरची फिनिश तोफ-बंदूक आहे. तिची काडतुसं तो स्वतः भरतो. पुण्याला गेलो की भाचे, मेहुणे आणि वडिलांचे जुने सहकारी याबद्दल तेच तेच प्रश्न विचारतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत.

खरंच? घरी तोफेचं काडतूस भरतात?

भरतात, पण अमेरिकेत आणि मोजकेच लोक. साध्या रायफलची काडतुसं घरी भरणारे इथे लाखांनी असतील. शिकाऱ्यांच्या आणि नेमबाजांच्या घरी त्याचं हाताने दाबायचं यंत्र, म्हणजे प्रेस, असतंच, आपल्याकडे शेवयांचा सोऱ्या असतो तसा. त्यातले काही पॉइंट फिफ्टीपर्यंत, म्हणजे अर्ध्या इंचाच्या गोळीपर्यंत, जातात. त्याच्याही पुढे, २० मिलिमीटर किंवा ३७ मिलिमीटरपर्यंत पोचणारे अगदी थोडे. बहुतेक पन्नाशी-साठीचे, हातात यंत्रकाम असलेले. मला भेटलेल्यांत बंदुकीचं वेड असणारे कमी आणि मायक्रोमीटरचं वेड असणारे जास्त होते.

तोफ नेमकी कशाला म्हणायचं?

अमेरिकी कायदा 'तोफ' हा शब्द वापरत नाही. १९३४ चा नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट आणि त्यात १९६८ साली पडलेली भर यांनुसार नळीचा आतला व्यास अर्ध्या इंचापेक्षा जास्त असला की ते शस्त्र 'विध्वंसक साधन' या वर्गात जातं. बारा बोअरची शॉटगन खरं तर अर्ध्या इंचाहून मोठी आहे, पण शिकारीची बंदूक म्हणून तिला सूट आहे.

ब्राउनिंगचं पॉइंट फिफ्टी, म्हणजे १२.७ मिलिमीटर, बरोबर रेषेवर बसतं. व्यास अर्धा इंच, जास्त नाही. म्हणून ते साधी रायफल म्हणून विकलं जातं (कॅलिफोर्नियात मात्र २००४ च्या कायद्याने त्यावर बंदी आली). रशियन १४.५ मिलिमीटर किंवा ब्रिटिश बॉइज रायफल यांचा फरक केवळ दीड-दोन मिलिमीटरचा, पण त्या पलीकडच्या बाजूला जातात. रेषा कुठेतरी आखायची म्हणून आखलेली आहे, एवढंच.

फिनलंडची तोफ अ‍ॅरिझोनाच्या गॅरेजात कशी आली?

ही गोष्ट मला सगळ्यात आवडते, म्हणून थोडी लांबवतो.

ऐमो लाहती हा फिनलंडचा शस्त्ररचनाकार. त्याने रशियन रणगाडे भेदायला १९३९ साली एल-३९ ही २० मिलिमीटरची बंदूक उभी केली. वजन सुमारे ५० किलो, लांबी सव्वादोन मीटर, वरून बसणारं दहा काडतुसांचं मॅगझिन. पुढच्या आधाराला बर्फासाठी लाकडी स्की आणि कडक जमिनीसाठी टोकदार पाय, असे दोन्ही जोड. फिनिश सैनिक तिला 'हत्ती बंदूक' म्हणत. पण टी-३४ सारखे जाड कवचाचे रणगाडे आले आणि मूळ कामासाठी ती तोकडी पडली. मग बंकरच्या फटीत मारा करायला, लांबून नेम धरायला तिचा उपयोग झाला.

युद्ध संपल्यावर अशा बंदुका भंगाराच्या भावात अमेरिकेत आल्या. पन्नास-साठच्या दशकांत त्या मासिकांतल्या जाहिराती पाहून टपालाने मागवता येत, काडतुसांसकट! मग ऑक्टोबर १९६५ मध्ये न्यू यॉर्क राज्यातल्या सिराक्यूज गावात चोरांनी पैसे ठेवायच्या तिजोरीखोलीची भिंत अशाच २० मिलिमीटरच्या बंदुकीने फोडली आणि चार लाखांहून जास्त डॉलर पळवले. वॉशिंग्टनमध्ये कायद्याची चर्चा आधीपासून चालू होतीच. या चोरीचं उदाहरण तिथे हटकून दिलं जाऊ लागलं. १९६८ च्या कायद्याने टपालविक्री बंद झाली आणि ज्यांच्याकडे अशी शस्त्रं होती त्यांना नोंदणीसाठी एक महिना मिळाला, २ नोव्हेंबर ते १ डिसेंबर. शेजाऱ्याकडची बंदूक त्याच महिन्यात नोंदलेली आहे. तो पिवळा पडलेला कागद त्याने बंदुकीपेक्षा जास्त जपलाय.

म्हणजे आज कोणीही घेऊ शकतो?

कोणीही नाही. अर्ज, बोटांचे ठसे, फोटो, पार्श्वभूमीची तपासणी आणि २०० डॉलर कर. हा कर १९३४ साली ठरला तेव्हा जबरदस्त होता. नंतर तो वाढलाच नाही. काही राज्यांत राज्याचा स्वतःचा कायदा आड येतो.

इथे एक मेख आहे. स्फोटक किंवा आग लावणारं द्रव्य पाव औंसाहून जास्त भरलेला प्रत्येक गोळा हे कायद्याने स्वतंत्र 'विध्वंसक साधन' असतं. प्रत्येक गोळ्याला वेगळा अर्ज, वेगळी नोंद, वेगळे २०० डॉलर. भरीव धातूच्या गोळ्याला हे लागत नाही. त्यामुळे छंदवाले झाडून सगळे भरीव गोळेच वापरतात.

आणखी एक: 'लहान शस्त्रांची काडतुसं' म्हणून स्फोटकांच्या कायद्यातून जी सवलत मिळते ती पॉइंट फिफ्टीपर्यंतच. त्यावर गेलात की दारू कुठे ठेवली, किती ठेवली, हा प्रश्न वेगळ्या नजरेने विचारला जातो.

विकत का घेत नाहीत?

मिळत नाहीत म्हणून. लाहतीचं काडतूस, २० बाय १३८ मिलिमीटरचं, आज कुठल्याही सैन्यात चालत नाही. टपालाने आलेले जुने साठे केव्हाच संपले. जे उरले ते संग्राहकांकडे, आणि तेही ऐंशी वर्षांचे. एक फैर झाडायची म्हणजे दोन आकडी डॉलर हवेत गेले. त्यामुळे पुंगळी, म्हणजे काडतुसाचं रिकामं पितळी कवच, परत वापरणं हा छंदापेक्षा नाइलाज जास्त.

रिलोडिंग म्हणजे काय करतात?

काडतुसाचे चार भाग: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारा प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी किंवा गोळा. बार उडाला की प्रायमर आणि दारू संपली, गोळा गेला. पुंगळी मात्र हातात राहते, आणि चारांत ती सगळ्यात महाग आणि करायला अवघड. ती पुन्हा मूळ मापात आणायची, नवा प्रायमर, नवी दारू, नवा गोळा. कल्पना एवढीच.

पण बार उडताना पुंगळी फुगून नळीच्या घराला चिकटते, लांबते, बुडाजवळ पातळ होते. दर वेळी थोडी थोडी. म्हणून कामाचा नव्वद टक्के वेळ बघण्यात जातो. धुवायची, उजेडात फिरवायची, वाकवलेल्या तारेने आतून चाचपायची, मापायची, वहीत लिहायची. शेजाऱ्याच्या वहीत प्रत्येक पुंगळीला नंबर आहे. अमुक नंबरची किती वेळा उडाली, कधी तापवून मऊ केली, कधी बाद केली.

तापवून मऊ करणं हे पुण्याच्या तांबट आळीतल्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही. तांबं-पितळ ठोकलं, दाबलं की कडक होतं आणि तसंच रेटलं तर तडकतं. मधे भट्टी दाखवली की पुन्हा नरम. पुंगळीच्या तोंडाचं तेच. बुडाला मात्र ती उष्णता लागता कामा नये, तिथे पितळ कडकच हवं. बूड मऊ पडलेली पुंगळी म्हणजे फुटायला टेकलेली पुंगळी.

रायफलच्या काडतुसापेक्षा यात वेगळं काय? नुसतं मोठंच ना?

'नुसतं मोठं' म्हणणाऱ्यांसाठी थोडं गणित. आजच्या ५.५६ मिलिमीटरच्या रायफलची गोळी चार ग्रॅमची, तिची ऊर्जा सुमारे १,७५० ज्यूल. लाहतीचा कवचभेदी गोळा जवळजवळ १४८ ग्रॅमचा, वेग सेकंदाला ८०० मीटर. ऊर्जा सुमारे ४७,००० ज्यूल. ताशी ३५ किलोमीटरने येणारी एक टनाची गाडी अंगावर घेतल्यासारखं. हे सगळं एका पितळी भांड्यात कोंडायचं आणि तुमचा गाल त्यापासून हातभर अंतरावर.

दुसरी अडचण प्रायमरची, आणि त्यात इतिहासाचा एक विनोद आहे. प्रायमरचे दोन प्रकार, दोन्ही १८६० च्या दशकातले. एक कर्नल हायरम बर्डन या अमेरिकनाचा, दुसरा एडवर्ड बॉक्सर या इंग्रजाचा. युरोपने अमेरिकनाचा उचलला, अमेरिकेने इंग्रजाचा. बॉक्सरच्या पद्धतीत पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक, वरून सळई घातली की जुना प्रायमर बाहेर. बर्डनमध्ये भोकं दोन आणि बाजूला, मधे ऐरणीसारखा उंचवटा. सळई जातच नाही. जुन्या युरोपीय तोफांच्या पुंगळ्या या बर्डनच्या घराण्यातल्या. अमेरिकन विमानांवरच्या व्हल्कन तोफेच्या पुंगळीत तर आणखी तिसराच प्रकार: तिचा प्रायमर ठोक्याने पेटत नाही, विजेने पेटतो. स्वस्तात मिळाल्या म्हणून अशा पुंगळ्या आणून नंतर डोक्याला हात लावणारे मी पाहिलेत.

तिसरं, हत्यारं. साधा रिलोडिंग प्रेस इथे खेळणं ठरतो. डाय (पुंगळीला माप देणारा साचा), प्रेस, गोळे, सगळं मोठ्या मापाचं. बऱ्याच गोष्टी स्वतः खरादावर बनवाव्या लागतात. गोळ्याच्या कमरेला तांब्याचा पट्टा असतो, नळीतल्या आट्यांत तो रुतून गोळ्याला गिरकी देतो. तो पट्टा केसभर जाड झाला की दाब कुठल्या कुठे जातो.

दारू किती घालतात?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. आकडा मी देणार नाही. लपवाछपवी म्हणून नाही. दुसऱ्याचा आकडा इथे कामाचाच नसतो. रायफलसाठी दारू बनवणाऱ्या कंपन्या प्रयोगशाळेत दाब मोजून तक्ते छापतात. २० मिलिमीटरसाठी असा तक्ता कोणी छापत नाही. दारूची जात, तिचा लॉट (ती कुठल्या खेपेत बनली), पुंगळीच्या आतली जागा, गोळ्याचं वजन, नळीची झीज, यातलं एक बदललं की जुना आकडा रद्द. इकडून तिकडून आलेल्या आकड्यावर भरवसा ठेवणारा माणूस शेजारी आपल्या गॅरेजात पाऊल ठेवू देत नाही.

मग थोडी कमीच घातली तर सुरक्षित, नाही का?

नाही, आणि स्वयंपाकघरातला 'मीठ कमी पडलं तर वरून घेता येतं' हा न्याय इथे लागू नाही. मोठ्या पुंगळीसाठी सावकाश जळणारी दारू लागते. तिचे दाणे जाड, बरेचदा मधे भोकं असलेले. मोठ्या तोफेच्या दाण्याला बहुधा सात भोकं असतात. बाहेरून दाणा जळत लहान होतो तेव्हा भोकं आतून मोठी होत जातात, म्हणून जळणारा पृष्ठभाग वाढत जातो आणि गोळा नळीत पुढे सरकत असताना दाब टिकतो. फार सुंदर कल्पना आहे ही. पण अशी दारू अर्धवट भरून पुंगळीत पोकळी ठेवली तर ती नीट पेटत नाही. गोळा नळीतच अडकू शकतो, किंवा उशिरा आणि वेडीवाकडी पेटून दाब एकदम उसळू शकतो. कमी दारूने फुटलेल्या बंदुका या छंदात सगळ्यांना माहीत आहेत.

जुन्या साठ्यातली दारू काढून वापरता येते?

काही जण वापरतात. मला भीती वाटते.

बिनधुराची दारू १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने केली. नायट्रोसेल्युलोज हा तिचा पाया. हा पदार्थ आपणहून सावकाश कुजतो, त्यातून आम्ल निघतं, आणि ते आम्ल कुजण्याला आणखी जोर देतं. ते शोषून घ्यायला स्थिरक घालतात. तो संपला की दारूला आंबूस वास येतो, डब्यात तांबूस धूर दिसतो, कधी ती आपोआप पेटते. हे फ्रेंच नौदल फार महागात शिकलं: तुलों बंदरात १९०७ साली 'येना' आणि १९११ साली 'लिबर्ते' या युद्धनौका कुजलेल्या दारूने उडाल्या. पहिल्या स्फोटात शंभराहून जास्त माणसं गेली, दुसऱ्यात अडीचशेहून जास्त.

लष्करी कोठारात ठरावीक काळाने नमुने काढून स्थिरक किती उरला ते तपासतात. गॅरेजात कोण तपासणार?

घरी किती दारू ठेवतात?

अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या प्रचलित नियमांत राहत्या घरात बिनधुराची दारू २० पौंडांपर्यंत मूळ डब्यांत. त्यावर ५० पौंडांपर्यंत असेल तर इंचभर जाड लाकडाच्या पेटीत. लोखंडी तिजोरीत नाही! लोकांना हे उलटं वाटतं. मोकळ्या जागेत ही दारू नुसती भडकून जळते. घट्ट लोखंडात कोंडली तर तोच बाँब.

स्फोटक गोळेही भरतात का?

मी ओळखतो त्यांतलं कोणीही नाही. कायद्याचं वर सांगितलंच. पण कायदा नसता तरी फ्यूज (गोळा फोडणारी कळ) आणि स्फोटक हा वेगळा धंदा आहे. पुंगळी भरता येणारा माणूस त्यात नवशिकाच.

जुन्या गोळ्यांबद्दल एक घटना सांगतो. फेब्रुवारी २००८ मध्ये व्हर्जिनियात अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या वस्तूंचा एक अनुभवी संग्राहक घरासमोर जुना नौदलाचा गोळा साफ करत होता. गोळा १८६० च्या दशकातला. आतली काळी दारू जवळजवळ दीडशे वर्षांनंतरही जिवंत होती. माणूस जागीच गेला. त्याने त्याआधी असे कितीतरी गोळे निकामी केले होते.

बाकी अपघात?

एप्रिल २०२१ मध्ये केंटकीतल्या एका प्रसिद्ध यूट्यूबरची पॉइंट फिफ्टी रायफल कॅमेऱ्यासमोर फुटली. जुन्या लष्करी साठ्यातली, खास जातीची काडतुसं होती. बंदुकीचा मागचा भाग उडून तुकडे मानेत घुसले. स्वतःच अंगठा दाबून रक्त थांबवलं, वडील जवळ होते, म्हणून वाचला. आणि ती तोफ नव्हती, रेषेच्या अलीकडची रायफल होती.

शेजाऱ्याच्या गॅरेजात मी स्वतः पाहिलेला प्रसंग याहून बारका. त्याने पंधरा पुंगळ्या भरून ठेवल्या, चहाच्या (त्याच्या कॉफीच्या) वेळी मी गप्पांना गेलो आणि बोलता बोलता सोळावीत दारू घातली की नाही हे त्याला आठवेना. त्याने काही न बोलता सोळाही उघडल्या, दारू परत डब्यात, सगळं पहिल्यापासून. दुपार गेली. तेव्हापासून दाराला पाटी आहे: आत काम चालू असताना दार वाजवू नये. माझ्यासाठीच आहे ती.

खडकीत वडिलांच्या हाती लॉटमागून लॉट जायचे. बनवणारा एक, मापणारा दुसरा, मापणाऱ्याला तपासणारा तिसरा, आणि त्या सगळ्यांवर संरक्षण खात्याची वेगळी गुणवत्ता यंत्रणा. लॉटमधले काही नग मुद्दाम उडवून दाब मोजायचा, मग उरलेल्यांवर शिक्का. गॅरेजात भरणारा, मापणारा, शिक्का मारणारा आणि शेवटी गाल लावून चाप ओढणारा माणूस एकच. वडील दोन वर्षांपूर्वी इथे आले होते तेव्हा शेजाऱ्याची वही त्यांनी तासभर चाळली. अक्षर चांगलं आहे म्हणाले. मग मला मराठीत विचारलं, "याच्यावर सही कोण करतं?"

या तोफा उडवतात कुठे?

घरामागच्या अंगणात नाही. भरीव गोळा खडकावरून उसळला तर मैलोगणती जातो. त्यामुळे मागे डोंगर आणि पुढे ओसाड जमीन लागते. अ‍ॅरिझोनात विकीअपजवळच्या वाळवंटात बिग सँडी नावाचा मेळावा भरतो, तिथे मशीनगनपासून तोफांपर्यंत सगळं येतं. केंटकीतला नॉब क्रीकचा मेळावाही गाजलेला होता. २०२१ मध्ये तो बंद झाला. शेजारी वर्षातून एकदा जातो. अकरा महिने तयारी, आणि दहा-बारा बार.

जुन्या, पुढून ठासायच्या तोफांचं काय?

त्यांचा संसार वेगळा आणि माझ्या मते जास्त देखणा. १८९८ किंवा त्याआधीच्या ठासणीच्या तोफा आणि तयार काडतूस न वापरणाऱ्या त्यांच्या प्रतिकृती अमेरिकेत 'प्राचीन' धरल्या जातात. नोंदणी लागत नाही. अशा शस्त्रांसाठी काळी दारूही ५० पौंडांपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येते. व्हर्जिनियात विंचेस्टरजवळ नॉर्थ-साउथ स्कर्मिश असोसिएशन ही १९५० पासूनची संस्था यादवी युद्धातल्या तोफांच्या नेमबाजीच्या स्पर्धा घेते. पुंगळी नाही, प्रेस नाही. पण ओला बोळा फिरवून नळीतली प्रत्येक ठिणगी विझवल्याशिवाय पुढची दारू घालायची नाही, हा नियम मोडला की ठासणाऱ्याचा हात जातो. मराठ्यांच्या गोलंदाजांनाही हे ठाऊकच असणार.

भारतात हा छंद करता येईल?

नाही. पळवाट शोधू नका, नाही.

१९५९ च्या शस्त्र कायद्यात तोफा, विमानविरोधी आणि रणगाडाविरोधी शस्त्रं थेट प्रतिबंधित शस्त्रांत मोडतात. ती आणि त्यांचा दारूगोळा जवळ बाळगण्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं, कमाल चौदा. परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा वेगळा गुन्हा, आणि १८८४ चा स्फोटक कायदा व १९०८ चा स्फोटक पदार्थ कायदा आहेतच. स्फोटकांचे परवाने पाहणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. छंद म्हणून अर्ज करून बघतो, असं एक मेहुणा म्हणाला होता. मी त्याला आधी वकिलाचा नंबर दिला.

पण कोकणात ठासणीच्या बंदुका आहेतच की?

आहेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाचे परवाने आहेत, डुकरा-माकडांपासून पीक राखायला. ते परवाने त्या विशिष्ट बंदुकीचे आणि त्या विशिष्ट माणसाचे. त्यावरून तोफेकडे उडी मारता येत नाही.

किल्ल्यावरच्या तोफेत दारू भरून सलामी दिली तर?

कृपा करून नको. तीनशे वर्षं पावसात पडलेलं ओतीव लोखंड आतून कुठे तडकलंय ते डोळ्यांना दिसत नाही. ओतीव लोखंड फुगत नाही, सूचना देत नाही, सरळ फुटतं. शिवाय किल्ला संरक्षित असेल तर पुरातत्त्वाचा गुन्हा वेगळा. तोफा दरीतून वर काढून सागवानी गाड्यांवर बसवण्याचं काम महाराष्ट्रातली मंडळी करतात. उत्साह तिथे घालवावा. सलामी ऐकायचीच तर २६ जानेवारीला दिल्लीची ऐका: २०२३ पासून तिथे जुन्या ब्रिटिश पंचवीस पौंडी तोफांऐवजी भारतीय बनावटीच्या १०५ मिलिमीटर तोफा आहेत.

रानात गोळा सापडला तर?

हात लावू नका, जागा लक्षात ठेवा, लांब व्हा, ११२ ला फोन करा. अहिल्यानगरजवळची खारे कर्जुने परिसरातली लष्करी रेंज असो की देवळालीची, भंगारासाठी गोळे वेचणाऱ्यांचे जीव गेले आहेत. पितळेचा किलोचा भाव चांगला असतो, म्हणून माणसं जातात. न फुटलेला गोळा नव्या गोळ्यापेक्षा वाईट, कारण त्याचा फ्यूज अर्धवट जागा झालेला असतो.

याच विषयात रस आहे, भारतात काय करू?

नोकरी करा. खडकी, देहूरोड, वरणगाव, भुसावळ, अंबाझरी, भंडारा, चांदा: दारूगोळ्याच्या आणि त्याच्या जोडसामानाच्या सरकारी कारखान्यांची एवढी दाटी देशात फार कमी ठिकाणी आहे. २०२१ मध्ये जुनं आयुध निर्माणी मंडळ मोडून कंपन्या झाल्या, त्यातल्या म्युनिशन्स इंडियाचं मुख्यालय पुण्यात आणि यंत्र इंडियाचं नागपुरात. आयटीआयचा टर्नर किंवा मशिनिस्ट, रसायनशास्त्राचा पदवीधर, दोघांनाही वाट आहे. काम जोखमीचं आहे हे मात्र कुणी लपवू नये; जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याच्या स्फोटात किमान आठ कामगार गेले.

नुसतं पाहायचं असेल तर अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय गाठा.

रिकामी पुंगळी फुलदाणी म्हणून ठेवली तर चालते?

पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांनी खंदकात बसून पुंगळ्यांवर वेलबुट्ट्या कोरल्या, तेव्हापासून जगभर ही फुलदाणी चालत आलेली आहे. आपल्याकडे निवृत्त फौजींच्या दिवाणखान्यातही दिसते. प्रायमर उडालेला किंवा काढलेला आहे याची जाणकाराकडून खात्री करा, आणि ती कुठून मिळाली याचा कागद जपा, कारण शस्त्र कायद्यात काडतुसाचे सुटे भागही येतात. विमानाच्या सामानात चुकूनही घालू नका.

आमच्या खडकीच्या घरी एक आहे, निवृत्तीच्या दिवशी मिळालेली, बुडाला भोक पाडून निकामी केलेली. भोकात बूच बसवून आई त्यात निशिगंध ठेवते. पाणी रोज बदलावं लागतं, आणि पंधरा दिवसांनी पितांबरीचा हात फिरवला नाही तर कड हिरवी पडते.